नकाशा खोटे बोलतो की नकाशा टांगणारा?

दर काही महिन्यांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक चित्र फिरून येते. आफ्रिका खंडाच्या पोटात अमेरिका, चीन, भारत आणि युरोपातले बरेच देश बसवलेले असतात आणि सोबत मजकूर असतो की शाळेत शिकवलेला जगाचा नकाशा खोटा आहे. त्यावर लगेच दोन प्रकारची उत्तरे येतात. पहिले उत्तर असे की हे सगळे गोऱ्यांचे कारस्थान, चारशे वर्षे जगाला फसवले. दुसरे उत्तर सहसा एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाचे असते. प्रत्येक गोष्टीत राजकारण शोधू नका, नकाशा हे शास्त्र आहे, असे तो सांगतो.

माझे म्हणणे असे आहे की ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत. पहिल्याला गणित समजून घ्यायचे नाही आणि दुसऱ्याला इतिहास. चळवळीत काम करणाऱ्या तरुणांना यातला एकही आळस परवडणारा नाही. आपण शंभर बरोबर गोष्टी सांगितल्या आणि एक चुकीची सांगितली, तर समोरचा त्या एका चुकीवर बोट ठेवून उरलेल्या शंभर गोष्टी उधळून लावतो, हा अनुभव आपल्या प्रत्येकाला आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ. नकाशातली चूक नेमकी कुठली, ती कुणी केली आणि अन्याय नेमका कुठे आहे, हे वेगवेगळे करून पाहू.

गोल पृथ्वी आणि सपाट कागद

मोसंबीची साल सोला आणि टेबलावर सपाट पसरवायचा प्रयत्न करा. ती फाटेल किंवा कुठेतरी ताणावी लागेल. गोलाचा पृष्ठभाग न फाडता, न ताणता सपाट करता येत नाही. कार्ल गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली मांडलेल्या प्रमेयातून हे सिद्ध झाले. म्हणजे जगाचा सपाट नकाशा कुणीही काढला, गोऱ्याने, काळ्याने किंवा आपण, तरी त्यात काहीतरी बिघडणारच. आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा हे सगळे एकाच वेळी सगळीकडे बरोबर ठेवता येत नाही. काय वाचवायचे आणि कशाचा बळी द्यायचा, हे नकाशा काढणाऱ्याला ठरवावे लागते. या ठरवण्याच्या पद्धतीला भूगोलात प्रक्षेपण म्हणतात.

भिंतीवर वर्षानुवर्षे लटकलेला आणि सगळ्यात ओळखीचा झालेला नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा. त्याचे गणित अवघड नाही, दहावीच्या मुलालाही समजेल. पृथ्वीगोलावर सगळी रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. ६० अंश अक्षवृत्ताची लांबी विषुववृत्ताच्या बरोबर निम्मी असते. मर्केटरच्या नकाशात मात्र रेखावृत्ते समांतर उभ्या रेषा असतात. म्हणजे ६० अंशावरचे निम्मे अंतर ताणून पूर्ण केलेले असते, दुप्पट. आता पूर्व-पश्चिम दुप्पट ताणले आणि उत्तर-दक्षिण तसेच ठेवले तर देश चपटे दिसतील आणि दिशाही चुकतील. म्हणून उत्तर-दक्षिणही दुप्पट ताणले जाते. दोन गुणिले दोन, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ७५ अंशावर हाच आकडा जवळजवळ पंधरापट होतो. विषुववृत्तावर मात्र काहीच ताणले जात नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आहे, आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी. आफ्रिका चौदापट मोठी, पण मर्केटरच्या नकाशात दोन्ही जवळपास सारखे दिसतात. एकटा काँगो देश ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे. महाराष्ट्रात दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना शिकवतात. तो ब्राझील ८५ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि अलास्का फक्त १७ लाखांचा, तरी या नकाशात दोघे तोडीस तोड वाटतात. आणखी एक घरचे उदाहरण. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३.०८ लाख चौरस किलोमीटर, संपूर्ण युनायटेड किंगडमचे सुमारे २.४४ लाख. म्हणजे ज्यांनी दीडशे वर्षे आपल्यावर राज्य केले त्यांचा देश आपल्या राज्यापेक्षा लहान आहे. मर्केटरच्या नकाशात मात्र तो महाराष्ट्राच्या दुप्पट दिसतो, कारण तिकडचे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट फुगते आणि आपल्याकडचे जेमतेम दहा-बारा टक्के.

मर्केटर कोण होता?

आता कारस्थानाच्या आरोपाकडे येऊ. गेरार्ड मर्केटर १५१२ साली फ्लँडर्समध्ये जन्मला. आजच्या बेल्जियमचा हा भाग. १५४४ साली त्याला धर्मद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि काही महिने तो कैदेत होता. पुढे तो जर्मनीतल्या डुइसबुर्गला स्थायिक झाला आणि तिथेच १५६९ साली त्याने जगाचा तो मोठा नकाशा अठरा तुकड्यांत छापला. त्याच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच लिहिले आहे की हा नकाशा दर्यावर्दींच्या उपयोगासाठी सुधारून केलेला आहे.

दर्यावर्दींना हवे काय होते? भर समुद्रात खुणेला डोंगर नाही, झाड नाही. हातात होकायंत्र. उत्तरेशी एक ठरावीक कोन धरून जहाज हाकायचे, तर तो मार्ग नकाशावर सरळ रेषेत काढता आला पाहिजे. मर्केटरच्या नकाशात तो काढता येतो. त्यासाठी त्याने क्षेत्रफळाचा बळी दिला, कारण खलाशाला ग्रीनलंडचे क्षेत्रफळ मोजायचे नव्हते, बंदर गाठायचे होते. त्या कामासाठी हा नकाशा अव्वल होता. त्याला लागणारे गणिती कोष्टक एडवर्ड राइट या इंग्रजाने १५९९ साली प्रसिद्ध केले आणि पुढे सागरी नकाशांसाठी हीच पद्धत रूढ झाली.

आणखी एक मुद्दा कारस्थानवाल्यांना अडचणीचा आहे. हे गणित उत्तर आणि दक्षिण असा भेद करत नाही. जितके उत्तर ध्रुवाकडे फुगते तितकेच दक्षिण ध्रुवाकडेही. उत्तरेचे देश जास्त फुगलेले दिसतात याचे कारण असे की दक्षिणेत तितक्या उंच अक्षवृत्तांवर अंटार्क्टिका सोडली तर जमीनच जवळजवळ नाही. आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाचा झाला? ग्रीनलंडचा. तिथले मूळ रहिवासी इन्युइट. ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होते. नकाशावर फुगल्याने इन्युइटांच्या हातात सत्ता आली नाही. म्हणजे मर्केटरने काळ्या माणसाला लहान दाखवण्यासाठी हा नकाशा काढला, हे विधान टिकत नाही. ते आपण करू नये.

मग अन्याय कुठे आहे?

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खूश होऊन म्हणतील, पाहा, शेवटी शास्त्रच निघाले. थांबा. खरा इतिहास इथून सुरू होतो.

होकायंत्र घेऊन समुद्रात जाणाऱ्यासाठी काढलेला नकाशा सहावीच्या वर्गात भिंतीवर का आला? त्या वर्गातले एकही पोर जहाज हाकत नव्हते. त्याला हवे होते ते देशांचे लहानमोठेपण, जे या नकाशात सगळ्यात जास्त बिघडलेले आहे. बरे, दुसरा पर्याय नव्हता असेही नाही. योहान लँबर्टने १७७२ साली समक्षेत्र प्रक्षेपणे मांडली. कार्ल मोलवाइडचे प्रक्षेपण १८०५ सालचे. म्हणजे देशांची क्षेत्रफळे खऱ्या प्रमाणात दाखवणारे नकाशे कसे काढायचे, हे तज्ज्ञांना दोनशे वर्षांहून जास्त काळ माहीत होते. चांगल्या नकाशासंग्रहांतून ते छापलेही जात होते. पण ते भिंतीपर्यंत आले नाहीत. ज्ञान होते, ते मोजक्या लोकांच्या कपाटात होते. सर्वसामान्य मुलाच्या डोळ्यांसमोर दुसरेच चित्र टांगलेले होते.

हे का झाले? काही अंशी सवय, काही अंशी छापखान्यांची सोय. चौकोनी नकाशा भिंतीवर नीट बसतो. पण साम्राज्याला तो आवडत होता हेही खरे. १८८६ साली लंडनमध्ये ब्रिटिश साम्राज्याचा एक गाजलेला नकाशा निघाला. तो मर्केटर पद्धतीचा होता. साम्राज्याचे प्रदेश गुलाबी रंगात. या प्रक्षेपणात कॅनडा प्रचंड दिसतो, त्यामुळे गुलाबी रंगही प्रचंड दिसतो. कडेने वसाहतींतल्या माणसांची चित्रे सजावटीसारखी मांडलेली. गणित तेच राहिले, काम बदलले. बंदर गाठण्याचे साधन राज्याचे वैभव दाखवण्याचे साधन झाले.

आणि अशी एक गोष्ट आहे जिच्यासाठी कुठलेही गणित जबाबदार नाही. अनेक भिंतीवरच्या नकाशांत विषुववृत्त मधोमध नसते. ते बरेच खाली सरकलेले असते, कारण उत्तरेचा भाग ध्रुवाच्या जवळपर्यंत छापायचा आणि दक्षिणेचा लवकर कापायचा असे प्रकाशकाने ठरवलेले असते. मग कागदाच्या मधोमध येतो युरोप. कात्री कुठे चालवायची, हा निर्णय माणसाने घेतला. पुन्हा तीच फोड लक्षात ठेवा: फुगणे हे गणित, उत्तरेत जमीन जास्त असणे हा भूगोल आणि नकाशा कुठे कापायचा, कुठल्या वर्गात टांगायचा, हे राजकारण. आपल्याला वाद घालायचा आहे तो या तिसऱ्या गोष्टीवर.

मार्शल हॉजसन या अमेरिकन इतिहासकाराने १९५६ साली हाच वाद घातला. इस्लामी जगाच्या इतिहासाचा तो मोठा अभ्यासक. युरोपला मोठा आणि आफ्रिकेला लहान दाखवणाऱ्या या नकाशाला त्याने 'जिम क्रो' प्रक्षेपण असे नाव दिले. जिम क्रो म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले काळ्या लोकांना वेगळे बसवणारे, वेगळ्या नळावर पाणी प्यायला लावणारे कायदे. त्याने ही उपमा का वापरली, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मध्यभाग आणि 'वर'

लहानमोठेपणाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी नकाशा गुपचूप शिकवतो. मध्यभागी कोण आणि वर कोण.

शून्य अंशाचे मूळ रेखावृत्त लंडनजवळच्या ग्रिनिचमधून जाते, हे आपण पाठ करतो. पण ते निसर्गाने तिथून काढलेले नाही. विषुववृत्त निसर्गाने ठरते, मूळ रेखावृत्त माणसे ठरवतात. ते ठरले १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत. पंचवीस देश बसले, बावीस बाजूने, एक विरोधात. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. सबब व्यावहारिक होती. जगातली जवळजवळ ७२ टक्के जहाजवाहतूक आधीच ग्रिनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती. पण ही जहाजे इतकी का होती आणि ती काय वाहून नेत होती, हा प्रश्न त्या बैठकीत नव्हता. संपूर्ण आफ्रिकेतून एकटा लायबेरिया होता. भारताचा स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. ब्रिटनच्या शिष्टमंडळात इंडिया कौन्सिलचे सदस्य जनरल रिचर्ड स्ट्रॅची होते, तेवढेच.

ही परिषद संपल्यानंतर दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर १८८४ ला, बर्लिनमध्ये दुसरी परिषद सुरू झाली. आफ्रिकेच्या वाटणीचे नियम तिथे ठरले. तिथे एकही आफ्रिकन प्रतिनिधी नव्हता. पुढच्या वर्षी काँगोचा सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरचा मुलूख बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची जवळजवळ खाजगी मालमत्ता झाला. त्याचा स्वतःचा देश काँगोच्या पंचाहत्तराव्या हिश्शाएवढा. लक्षात घ्या, हे राज्यकर्ते नकाशात आफ्रिका लहान दिसली म्हणून तिथे गेले नाहीत. ती किती मोठी आहे हे त्यांना चांगले माहीत होते, म्हणूनच गेले. लहान दिसणारी आफ्रिका त्यांच्यासाठी नव्हती. ती शाळेत बसलेल्या मुलांसाठी होती, लंडनच्याही आणि लागोसच्याही.

आता 'वर'. उत्तर वर हा निसर्गाचा नियम नाही. सिसिलीच्या राजासाठी अल्-इद्रिसीने ११५४ साली तयार केलेल्या प्रसिद्ध नकाशात दक्षिण वर आहे. मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती नकाशांत पूर्व वर असे. अपोलो १७ मधल्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ ला पृथ्वीचे जे गाजलेले छायाचित्र घेतले, त्यात मुळात दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला होता. प्रसिद्ध करताना ते फिरवले गेले, कारण लोकांना 'उलटे' वाटले असते. अंतराळात वरखाली काही नसते, तरी सवयीने ते तिथेही पोहोचवले.

'वर' आणि 'खाली' हे शब्द आपल्या भाषेत किती निरुपद्रवी आहेत, हे वरची जात आणि खालची जात असे सहज बोलणाऱ्या समाजात सांगायला नको. कागदावरची मांडणी माणसाने केलेली असते आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच पाहिली की ती निसर्गाची वाटू लागते.

पीटर्सची गोष्ट आणि तिचा धडा

१९७३ साली अर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकाराने बॉनमध्ये पत्रकार परिषद घेऊन एक नवा जागतिक नकाशा सादर केला. मर्केटरचा नकाशा युरोपच्या वर्चस्वाचा आहे आणि माझा नकाशा सर्व देशांना न्याय देतो, असा त्याचा दावा होता. त्याच्या नकाशात क्षेत्रफळाचे प्रमाण बरोबर होते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका त्यांच्या खऱ्या मोठेपणात दिसत होत्या. तिसऱ्या जगात काम करणाऱ्या संस्थांनी आणि चर्चच्या संघटनांनी तो उचलून धरला.

पीटर्सचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. पण त्याने दावे प्रमाणाबाहेर केले. हाच नकाशा जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५५ साली मांडला होता, म्हणून आज त्याला गॉल-पीटर्स म्हणतात. समक्षेत्र प्रक्षेपणे आधीपासून डझनभर होती. शिवाय या नकाशात देशांचे आकार भयंकर ताणले जातात. नकाशाशास्त्रज्ञांनी त्याच्यावर तुटून पडायला हे पुरेसे होते. त्यातल्या एकाने तर दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांसारखे खंड लोंबत आहेत, अशी टर उडवली.

यातली खरी गंमत टीकाकारांनीही फारशी ठळक केली नाही. गॉल-पीटर्स नकाशात आकार बरोबर दिसतात ते फक्त ४५ अंश अक्षवृत्ताच्या आसपास. म्हणजे उत्तर इटली, दक्षिण फ्रान्स, अमेरिकेचा उत्तर भाग. विषुववृत्तावर उत्तर-दक्षिण ताण पूर्व-पश्चिमेच्या दुप्पट होतो, महाराष्ट्राच्या अक्षवृत्तावर सुमारे पावणेदोन पट. न्यायाच्या नावाने काढलेल्या नकाशातही नीट चेहरा मिळाला तो युरोपला आणि काँगो, केनिया, आपण सगळे लांबुळके झालो. हेतू चांगला असून भागत नाही, आडाखे तपासावे लागतात.

तरीही पीटर्स हरला असे मी म्हणणार नाही. त्याने वाद पेटवला म्हणून तज्ज्ञांना कपाट उघडावे लागले. १९८९ साली अमेरिकेतल्या नकाशाशास्त्र आणि भूगोलाच्या संघटनांनी ठराव केला की सर्वसाधारण उपयोगासाठी जगाचे चौकोनी नकाशे वापरू नयेत. त्यात मर्केटर आणि पीटर्स दोघेही आले. २०१७ साली बोस्टनच्या सरकारी शाळांनी मर्केटरसोबत गॉल-पीटर्स नकाशा वर्गात आणला. २०१८ मध्ये तीन नकाशाशास्त्रज्ञांनी 'इक्वल अर्थ' हे प्रक्षेपण प्रसिद्ध केले, ज्यात क्षेत्रफळ बरोबर आहे आणि आकारही डोळ्यांना खटकत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर नकाशा शाळांतून आणि संस्थांतून हटवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. ज्या तज्ज्ञांना दोनशे वर्षे सगळे माहीत होते, त्यांना हलवायला एक अर्धवट चुकलेला पण ओरडणारा माणूस लागला. त्याचा प्रश्न आपण घ्यावा, त्याची अतिशयोक्ती सोडून द्यावी.

आपल्याकडचा मेरू

युरोपच्या नकाशावर टीका झाली की आपल्याकडे काही जण लगेच पुढे येतात आणि म्हणतात, आमच्या प्राचीन ग्रंथांत सगळे बरोबर होते. हा सापळा ओळखायला हवा.

पुराणांतल्या भूगोलात जगाच्या मधोमध मेरू पर्वत आहे, त्याभोवती जंबुद्वीप आणि त्यापलीकडे उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे समुद्र. कर्मभूमी कोणती, तर भारतवर्ष. समुद्र ओलांडला तर धर्मशास्त्राने दोष सांगितला. म्हणजे स्वतःला मध्यभागी ठेवून बाहेरच्याला अशुद्ध ठरवण्याची युक्ती काही युरोपने शोधलेली नाही. बौद्ध ग्रंथांतही सुमेरू पर्वत आहे, चार द्वीपे आहेत. तेही आपण सरळ मान्य करावे. आपल्या परंपरेतले म्हणून एखादी गोष्ट प्रश्नांच्या पलीकडे ठेवणे बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही.

पण इथेही तोच प्रकार आहे जो युरोपात दिसला. पृथ्वी गोल आहे हे या देशातल्या ज्योतिर्विदांना माहीत होते. आर्यभटाचा ग्रंथ ४९९ सालचा आहे. ते उज्जैनमधून जाणारे रेखावृत्त धरून गणित करत, म्हणजे त्यांचे स्वतःचे 'ग्रिनिच' होते. हे ज्ञान संस्कृत ग्रंथांत राहिले. ज्यांना ते वाचण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या वाट्याला पुराणातला दुधाचा समुद्र आला. आतल्यांसाठी गणित आणि बाहेरच्यांसाठी गोष्ट, अशी ती वाटणी होती. म्हणून मर्केटरला उत्तर मेरू नाही. भिंतीवरच्या नकाशाला प्रश्न विचारायची आपली पद्धत घरातल्या नकाशालाही लागू झाली पाहिजे.

वर्गात आणि अभ्यासवर्गात

अकरावीच्या एनसीईआरटीच्या प्रात्यक्षिक भूगोलाच्या पुस्तकात नकाशा प्रक्षेपणाचे प्रकरण आहे. स्पर्धा परीक्षा देणारे आपले अनेक मित्र ते वाचतात आणि लक्षात ठेवतात: मर्केटर, दिशा बरोबर, क्षेत्रफळ चूक, उपयोग नौकानयन. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. मग हे क्षेत्रफळ चुकलेले चित्र वर्गाच्या भिंतीवर काय करत होते, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत नसतो. तो आपण विचारायचा.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. वस्तीतल्या वाचनालयात, वसतिगृहात, रविवारच्या अभ्यासवर्गात एक पृथ्वीगोल आणा. गोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंड गिरवा आणि तो तुकडा आफ्रिकेवर ठेवून पाहायला मुलांना सांगा. चौदा वेळा बसतो का, हे त्यांनी स्वतः मोजावे. मोसंबी सोला. फुग्यावर माणसाचा चेहरा काढा, फुगा कापा, सपाट करा आणि नाकाचे काय होते ते बघू द्या. त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांना ६० अंशाचा कोसाइन विचारा. तो अर्धा येतो, आणि त्या एका आकड्यातून ग्रीनलंड का फुगले हे त्यांना उलगडते. मग नकाशा उलटा टांगा, दक्षिण वर, आणि पंधरा दिवस तसाच राहू द्या. पहिल्या दिवशी मुले हसतील. नंतर कुणीतरी विचारेलच की मग सरळ कुठला.

हातातल्या मोबाइलवरही हेच शिकता येते. ऑनलाइन नकाशे बहुतेक मर्केटरच्याच सुधारित पद्धतीवर चालतात, कारण गल्लीबोळ पाहताना रस्त्याचे कोन बरोबर दिसायला हवेत. गल्लीसाठी ते योग्यच आहे. २०१८ पासून गूगल मॅप्सने संगणकावर पूर्ण जग दाखवताना नकाशाऐवजी गोल दाखवायला सुरुवात केली. म्हणजे कामानुसार प्रक्षेपण बदलता येते, हे त्या कंपनीलाही कळते. शाळेच्या भिंतीला का कळू नये?

शेवटी एक इशारा आणि एक काम. इशारा असा की आफ्रिका मोठी आहे म्हणून आफ्रिकन माणसाला सन्मान मिळाला पाहिजे, असा युक्तिवाद करू नका. ती लहान असती तरी मिळालाच पाहिजे होता. माणसाची किंमत चौरस किलोमीटरवर ठरत नाही. आपला आक्षेप खोट्या प्रमाणावर आहे, लहान असण्यावर नाही. आणि नकाशा बदलला म्हणून काँगोच्या खाणी काँगोच्या लोकांच्या हातात येत नाहीत. आपल्याला हे चांगले समजते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवरून आणि कागदावरून ते नाव जाणे आवश्यकच होते. पण वस्ती गावाच्या ज्या कडेला ढकलली होती, तिथेच राहिली. पाणंद, स्मशानभूमी, नळ, यांचा वाद नावासोबत मिटला नाही. नावही बदलावे लागते आणि जागेसाठीही भांडावे लागते. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

म्हणून काम असे की जगाच्या नकाशावर शिकलेले प्रश्न आपल्या गावाच्या नकाशालाही विचारा. तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावचा नकाशा मिळतो. तो काढा, अभ्यासवर्गात पसरा. मध्यभागी काय आहे, आपली वस्ती कुठे आहे, तिच्याकडे जाणारा रस्ता नकाशात दाखवला आहे का, गायरान कुठपर्यंत होते आणि आज कुठपर्यंत आहे, हे मुलांना शोधू द्या. ग्रीनलंडचे गणित ज्याला एकदा कळले, तो गावाच्या नकाशातली गाळलेली पायवाट शोधल्याशिवाय राहणार नाही. आणि ती सापडली की पुढचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, हेही त्याला कळेल.